वरचं कोण गाणार, हा प्रश्न नंतर

हार्मनी, म्हणजे एकाच ओळीला एकाच वेळी वेगवेगळे सूर लावून गाणं, वाटायला बसलं की बहुतेक बँडमध्ये पहिला प्रश्न येतो, "वरचं कोण गाणार?" त्याआधी विचारा, त्या ओळीला कोणाचे हात काय करतायत? गिटारवाला अवघड रिफमध्ये (पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यात) गुंतलेला असेल तर त्याचा आवाज कितीही गोड असो, तेवढी ओळ त्याला देऊ नका. दोन्ही बिघडतात, आणि आधी बिघडतो तो गळा.

बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवणाऱ्याचं दुखणं आणखी वेगळं. बोटं एका लयीत, शब्द दुसऱ्या लयीत, आणि बोटाखालचा सूर कानात एवढा घुमत असतो की गळा तिकडेच ओढला जातो. मी बेसच वाजवतो, त्यामुळे हे अंगावर काढलंय. अजूनही नवीन गाणं आलं की वाजवता वाजवता आधी नुसत्या 'आ'कारात माझी ओळ बसवतो, शब्द मागाहून.

ड्रमरला मात्र लोक उगाच वगळतात. ईगल्स या बँडचा डॉन हेन्ली ड्रम वाजवत मुख्य गायकी करायचा. क्वीन या बँडमध्ये सगळ्यात वरचे सूर ड्रमर रॉजर टेलरकडे असायचे, मधले फ्रेडी मर्क्युरीकडे आणि खालचे ब्रायन मेकडे. मुख्य गायक मध्ये आणि ड्रमर त्याच्या डोक्यावर, अशीही वाटणी असते.

आता तो सापळा, ज्यात मी बराच काळ अडकून होतो. नव्या माणसाला सगळे एकच सांगतात, "मेलडीच्या वरचा तिसरा सूर धर, झाली हार्मनी." मेलडी, म्हणजे गाण्याची मुख्य चाल, सा वर असेल तर ग, रे असेल तर म, ग असेल तर प. अर्ध्याअधिक वेळा हे जमून जातं, आणि म्हणूनच ते घातक आहे.

पट्टी कुठलीही घ्या. खाली सा-ग-प ही कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, वाजतेय. मेलडी सा वर आहे, तुम्ही ग धरला, छान. मेलडी ग वर आली, तुम्ही प, तेही छान. मेलडी प वर जाऊन थांबली आणि तुम्ही नियमाप्रमाणे शुद्ध नी धरलात. हा नी त्या कॉर्डमध्ये नाहीच, वर गिटारवर वाजणाऱ्या तार सा च्या अगदी खेटून, अर्ध्या स्वराने खाली बसलाय. खटकणारच. गाणाऱ्याला वाटतं आपला सूर उतरला, म्हणून तो जरा वर ढकलतो आणि आता खरोखरच कणसूर होतो. मग सगळे वळून त्याच्याकडे बघतात. माझा कान कच्चा आहे असं मला इतक्यांदा ऐकवलं गेलं की मी माइक स्टँड काढून ठेवायच्या बेतात होतो. कानात काही खोट नव्हती. वाटून दिलेला सूरच चुकीचा होता. तिथे नी सोडून तार सा घ्यायचा, एवढंच.

हीच गोष्ट म-ध-सा कॉर्डवर. मेलडी सा वर आहे, सवयीने तुम्ही ग धरता, पण खाली म वाजतोय आणि ग त्याच्याशी भांडतो. तिथे म घ्या. म्हणजे बघा, मेलडीचा सा तोच, पण एका कॉर्डवर तुमचा सूर ग आणि दुसरीवर म. मेलडीकडे बघून हार्मनी ठरवाल तर हे कधीच कळणार नाही. खालची कॉर्ड कुठली आहे ते आधी बघायचं. पळत्या सुरांना 'तिसरा सूर' चालतो, कोणाला काही जाणवत नाही. जिथे आवाज थांबतो, लांबतो, तिथला सूर कॉर्डमधलाच हवा. तो नी तुम्हाला मुद्दाम हवा असेल, थोडी हळवी छटा म्हणून, तर जरूर घ्या. पण माहीत असून घ्या.

तीन आवाज झाले की मधल्याची पंचाईत होते. त्याच्या वाट्याला उरलेले सूर येतात, त्यांना स्वतःची चाल अशी नसते. आणि नेमका हाच भाग सगळ्यात कच्च्या गायकाला देण्याची पद्धत आहे! मधला भाग सगळ्यात पक्क्या कानाला द्या, आवाज साधा असला तरी चालेल. कच्च्या माणसाला एकच सूर धरून ठेवू द्या. यात कमीपणा नाही. बीटल्सच्या १९६३ च्या 'प्लीज प्लीज मी'मध्ये लेननची मेलडी खाली उतरत जाते आणि मॅकार्टनी वरचा एकच सूर धरून उभा राहतो. नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे.

हार्मनी काढून देणारी पेडलं (पायाने चालवायची यंत्रं) मला आवडत नाहीत. गिटारच्या कॉर्ड ओळखणारी पेडलं सूर बऱ्यापैकी बरोबर काढतात, मान्य. पण आपला सूर का खटकला हे शोधायची वेळच मग येत नाही. "ऐकून ऐकून येतं" म्हणणाऱ्या गुरूंचाही मला फारसा उपयोग झाला नाही. कॉर्डमधला एकेक सूर वेगळा वाजवून "हा तुझा" म्हणणारा कीबोर्डवाला मित्र भेटला, तेव्हा गाडी पुढे सरकली.

रेकॉर्ड ऐकून खचू मात्र नका. बीटल्सचं १९६९ चं 'बिकॉज' तिघांनी तीनदा गाऊन एकावर एक चढवलंय, म्हणून नऊ आवाज ऐकू येतात. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा मधला ऑपेराचा भाग खुद्द क्वीनसुद्धा स्टेजवर टेपवरून वाजवायचे. तुमचे तीन आवाज त्यापुढे पातळ वाटणारच.

बाकी गोष्टी पटकन जमतात. शब्दाच्या शेवटचा स, ट फक्त मुख्य गायकाने उच्चारायचा, इतरांनी गिळायचा, नाहीतर तीन वेळा सळसळ ऐकू येते. 'आ' सगळ्यांनी सारखाच उघडायचा. दम एकाच जागी तोडायचा. रिहर्सल फोनवर रेकॉर्ड करायची, कारण गाताना स्वतःचा आवाज नेहमी मोठाच वाटतो.

आणि कार्यक्रमाच्या दिवशी मुख्य गायकाचा घसा बसला, पट्टी खाली आणावी लागली, तर काय करायचं हे आधीच ठरवून ठेवा. अशा वेळी सगळ्यात खालचं गाणाऱ्याचा आवाज तळाला जाऊन नुसता घरघरतो. त्याने त्या दिवशी गप्प राहायचं आणि बाकीच्या दोघांनी आपापल्या ओळी आहेत तशा ठेवायच्या. ऐन वेळी भाग अदलाबदल करायला गेलात तर तिघंही मेलडीच गाऊ लागतात.