तोन्कात्सु खायला जाताय? सॉसची बाटली जरा लांब ठेवा

तोन्कात्सु म्हणजे डुकराच्या मांसाचं तळलेलं जपानी कटलेट. दुकानात शिरलात की पहिला प्रश्न येतो, 'रोसु की हिरे?' टोकियोत मेगुरोला 'तोन्कि' नावाचं 1939 पासूनचं दुकान आहे, तिथे तर बूड टेकायच्या आत विचारतात. म्हणून उत्तर आधीच ठरवून जा. रोसु म्हणजे पाठीकडचं मांस, एका कडेला चरबीची पट्टी असलेलं. हिरे म्हणजे आतला मऊ, जवळपास बिनचरबीचा भाग. माझ्याकडे येणारे पाहुणे 'चरबी नको बाई' म्हणत हिरेवर बोट ठेवतात. माझं ऐकाल तर पहिल्यांदा रोसुच घ्या, सगळी गोडी त्या पट्टीत असते. 'तेइशोकु', म्हणजे पूर्ण ताट मागवा, म्हणजे भात, मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचं) सूप, लोणचं आणि कोबी बरोबरच येतो. बऱ्यापैकी दुकानात दोन हजार येनच्या आसपास धरून चला.

ताट लगेच येत नाही. तुकडा चांगला जाड असतो. ऑर्डर आल्यावरच पावाच्या भरड चुऱ्यात घोळवून तळतात, मग जरा निथळत ठेवतात आणि आतल्या उष्णतेवर तो पुरता शिजतो. मधोमध फिकट गुलाबी छटा दिसली तर घाबरू नका, काही दुकानं मुद्दाम तिथवरच शिजवतात. आत लालभडक आणि गार लागला तर मात्र सांगा.

वाट बघताना बऱ्याच ठिकाणी पुढ्यात भाजलेले तीळ घातलेला छोटा खल येतो. त्याला आतून बारीक खाचा असतात. लाकडी दांडा दाबून ठेचू नका, भिंतीला टेकवून गोल फिरवा. तिळांचा तडतड आवाज थांबून खमंग वास सुटला की पुरे. अगदी पीठ केलंत तर तेल सुटून गोळा होतो. सॉस या तिळांवर ओता, कटलेटवर नाही. कटलेट जाळीवर ठेवून आणतात ते खालची बाजू वाफेने ओली होऊ नये म्हणून. तळणाऱ्याने एवढी काळजी घेतल्यावर आपण वरून सॉसचा अभिषेक करायचा, हे मला बघवत नाही.

तुकडे कापूनच येतात, सुरी मागू नका. पहिला घास मधल्या तुकड्याचा, नुसत्या मिठाबरोबर. दुसरा सॉसमध्ये टोक बुडवून. चरबीवाला कडेचा तुकडा पिवळ्या काराशीला लावून खा. ही जपानी मोहरी थेट नाकात चढते, तेव्हा राईच्या दाण्याएवढीच घ्या. लिंबू असेल तर एखाद्याच तुकड्यावर पिळा.

कोबीला शोभेची वस्तू समजू नका. टोकियोतल्या गिंझा भागातल्या 'रेंगातेइ' या रेस्टॉरंटने 1899 च्या सुमारास तळलेलं पोर्क कटलेट विकायला सुरुवात केली, असं सांगतात. कटलेटशेजारी कच्च्या कोबीचा ढीग मांडायची पद्धतही तिथलीच मानतात. दोन तुकड्यांमध्ये चिमूटभर कोबी खाल्ला की जिभेवरचं तेल उतरतं. बऱ्याच दुकानांत कोबी, भात आणि कधी सूपही पुन्हा फुकट मिळतं. 'क्याबेत्सु ओकावारी' म्हणालात की काम झालं. पण घेतलेलं संपवा, ताटात टाकून उठणं तिथे फार वाईट दिसतं. आणि दाराबाहेर रांग असेल तर खाऊन झाल्यावर गप्पा मारत बसू नका. बिल गल्ल्यावर द्यायचं, टीप नाही.

हे सगळं टोकियोचं झालं. नागोयात मिसो-कात्सु मिळतं, तिथे लाल मिसोचा दाट रस्सा कटलेटवर ओततात. तिथे सॉसबद्दलचा माझा हट्ट चालत नाही, आणि ओलं झालेलं आवरणही मी निमूट, आवडीने खाते.

बरोबर कुणी शाकाहारी असेल तर त्यांना 'काहीतरी मिळेल' म्हणून इथे आणू नका. मिसो सूपमध्ये सहसा माशाचा अर्क असतो, कधी चक्क डुकराचं मांस, आणि काही दुकानांत तळण डुकराच्याच चरबीत होतं. नुसता भात-कोबी खात त्यांनी तुमचं ताट बघत बसायचं, हे काही बरं नाही. डुक्कर चालत नाही पण मासळी चालते, अशांसाठी अनेक ठिकाणी 'एबी फुराइ', म्हणजे तळलेली कोळंबी असते. मात्र तळायची कढई वेगळी आहे का, ते आधी विचारा.