स्कूल बसच्या अपघातानंतर मुलीचा दावा आम्ही कसा लढवला

माझी नऊ वर्षांची मुलगी पायरीवरून उतरत असतानाच चालकाने स्कूल बस पुढे घेतली आणि तिच्या डाव्या कोपराचे हाड मोडले. खर्च देतो म्हणत बसमालकाने ‘तक्रार नाही’ असा लिहून आणलेला कागद पुढे केला. त्यावर मी सही केली नाही, हे फार बरे झाले. वकिलाची फी परवडणारी नव्हती, परंतु विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार बालकांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो, हे कळल्यावर मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला. कायद्यात सहा महिन्यांची मुदत असल्याने प्लास्टर निघण्याची वाट न पाहता प्रथम खबर अहवाल, पंचनामा, बसच्या विम्याची प्रत आणि औषधांच्या पावत्या जोडून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात पालक म्हणून दावा दाखल केला.

पुढे अपंगत्वाचा दाखला १२ टक्क्यांचा आला. दहापेक्षा जास्त ते तीस टक्क्यांपर्यंतच्या कायमच्या अपंगत्वासाठी मुलांना ३ लाख रुपये द्यावेत, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निवाडा वकीलबाईंनी दाखवला आणि त्याच आधारे भरपाई मंजूर झाली. बरीचशी रक्कम ती सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत आहे. वेणी घालताना तिचा हात अजून अर्ध्यावरच थांबतो.