ब्रेकच्या तांबड्या दिव्याच्या वायरिंगचा माग कसा काढावा

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवरील ब्रेकचा तांबडा दिवा विझेनासा झाला, की वायरिंग उसकटण्याची घाई होते. त्याआधी बॉनेट उघडून मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर ब्रेकचा दाब तयार करणाऱ्या भागाच्या) टाकीतील ब्रेक फ्लुइड पाहावे. ते कमी असेल, तर दिवा आपले काम चोख करत आहे; शोध गळतीचा किंवा झिजलेल्या पॅडचा घ्यावा लागेल.

फ्लुइड पुरेसे असेल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी: बहुतेक जुन्या गाड्यांत या दिव्याला 12 व्होल्टचा पुरवठा इग्निशनकडून होतो आणि स्विच असतात ते अर्थच्या, म्हणजे गाडीच्या बॉडीच्या, बाजूला. हँडब्रेकचा, टाकीच्या झाकणातील फ्लोटचा किंवा दुहेरी सर्किटमधील (ब्रेकच्या दोन स्वतंत्र नळमार्गांतील) दाबाचा फरक ओळखणारा, यांपैकी कोणत्याही स्विचने वायर बॉडीला जोडली की दिवा लागतो. लुकास या विद्युत-भाग बनवणाऱ्या कंपनीच्या पद्धतीच्या ब्रिटिश वायरिंगमध्ये स्विचकडे जाणारी वायर सहसा काळी आणि तिच्यावर पांढरी रेघ असते; मात्र पन्नास वर्षांत कोणी कोणता तुकडा जोडला असेल याचा भरवसा नसल्याने केवळ रंगावर विसंबू नये.

चावी ऑन करून, इंजिन बंद ठेवून, स्विचच्या वायरी एकेक करून काढाव्यात. जी काढताच दिवा विझेल, तिच्या स्विचपाशी थांबावे. तो दाबाच्या फरकाचा असेल, तर त्याला लगेच दोष देऊ नये. एका सर्किटचा दाब गेल्याने आतील पिस्टन सरकलेला असू शकतो. सगळ्या वायरी काढूनही दिवा लागलेलाच राहिला, तर वायर कोठेतरी सोलून बॉडीला टेकली आहे. माझ्या गाडीत ती पुण्यातल्या एका पावसाळ्यानंतर हँडब्रेकजवळ ओल्या कार्पेटखाली सापडली: पत्र्याच्या भोकातील रबरी ग्रोमेट कुजून गेले होते आणि तांबे हिरवे पडले होते. नवे ग्रोमेट नाना पेठेत सहज मिळाले.

दिवा लागतच नसेल, तर स्विचवरून काढलेले वायरचे टोक क्षणभर बॉडीला टेकवावे. दिवा लागला तर स्विच किंवा त्याचा अर्थ खराब आहे. न लागल्यास बल्ब, होल्डर आणि पुरवठा टेस्ट लॅम्पने तपासावा. पुरवठ्याची वायर मात्र चुकूनही बॉडीला लावू नये, कारण लुकासच्या पांढऱ्या वायरला बहुधा फ्यूज नसतो आणि अख्खे हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, जळू शकते. मल्टिमीटरने कंटिन्युइटी (वायर अखंड आहे का ते) पाहायची असेल, तर बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी सोडवावी.