लाल कॅप, केशरी कॅप

फार्माकोलॉजीत पास व्हायला मला कधी त्रास झाला नाही. बार्शीहून जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून पुण्यात नोकरीला आले तेव्हा औषधांचे गट, साइड इफेक्ट, अँटिडोट म्हणजे उतारे, सगळं तोंडपाठ होतं. हेपरिनला प्रोटामिन, मॉर्फिनला नॅलॉक्सोन, मॅगसल्फला कॅल्शियम ग्लुकोनेट. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. आणि तरीही नोकरीच्या चौथ्या महिन्यात माझ्या हातून एका आजींना १२ युनिटच्या जागी ३० युनिट इन्सुलिन गेलं.

त्या रात्रीबद्दलच लिहायचंय. तुमच्यासारखी नर्सिंगची नवी बॅच वॉर्डला आली की त्याच चुकीच्या अगदी जवळ पोचलेलं कोणीतरी मला दिसतंच, आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो.

औषध देतानाचे पाच राइट्स तुम्हाला माहीत आहेत. योग्य पेशंट, योग्य औषध, डोस, मार्ग, वेळ. मी त्या रात्री पाचही बघितले होते, हे मुद्दाम सांगतेय.

पुण्यातलं मध्यम आकाराचं खाजगी रुग्णालय, फीमेल मेडिकल वॉर्ड, रात्री आम्ही दोघीच स्टाफ. वॉर्डच्या फ्रिजमध्ये नेहमी इन्सुलिनची ४० ची व्हायल, म्हणजे छोटी बाटली, असायची, तिच्या एका एमएलमध्ये ४० युनिट. ट्रेमध्ये सिरिंज पण त्याच, लाल कॅपच्या. त्या संध्याकाळी राउंडला डॉक्टरांनी आजींचं इन्सुलिन बदललं आणि त्यांच्या मुलाने खालच्या मेडिकलमधून नवी व्हायल आणून दिली. चार्टवर रात्रीच्या जेवणाआधी १२ युनिट. मी इन्सुलिनचं नाव वाचलं, एक्स्पायरी बघितली, आजींना नाव विचारलं, हातातला बँड बघितला. ट्रेमधली लाल कॅपची सिरिंज घेतली, १२ च्या रेघेपर्यंत भरलं. सोबतच्या स्टाफला दाखवलं, "बारा आहे ना?" ती म्हणाली, "बारा." आणि दिलं.

पावणेदहाला मावशी पळत आल्या. "सिस्टर, आजी काहीतरीच बडबडतायत." मी गेले तर आजी चादरीवर हात फिरवून किल्ली शोधत होत्या. कपाटाची किल्ली कुठं ठेवली, म्हणून मला विचारत होत्या, मुलीच्या नावाने हाक मारून. मान घामाने निथळत होती, ब्लाउजची बाही दंडाला चिकटली होती, आणि हात लावला तर गार. ग्लुकोमीटरवर ४६, शुगर फारच खाली.

आरएमओ, म्हणजे रात्रीचे ड्यूटी डॉक्टर, आले, २५ टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाइन) १०० एमएल शिरेतून दिलं. पंधरा मिनिटांनी ११२. आजी शुद्धीवर आल्या, पाणी मागितलं. मग डॉक्टरांनी विचारलं, "इन्सुलिन कुठलं दिलं?" मी व्हायल ट्यूबलाइटखाली धरली आणि तेव्हा पहिल्यांदा तो आकडा वाचला. एका एमएलमध्ये १०० युनिट.

आता हे नीट समजून घ्या, कंटाळा आला तरी. युनिट म्हणजे एमएल नाही. ४० च्या व्हायलमध्ये एका एमएलला ४० युनिट असतात, १०० च्या व्हायलमध्ये एका एमएलला १००. लाल कॅपच्या सिरिंजवरच्या रेघा फक्त ४० च्या व्हायलसाठी आखलेल्या आहेत, केशरी कॅपच्या फक्त १०० साठी. लाल सिरिंजवर १२ ची रेघ म्हणजे ०.३ एमएल. ४० च्या व्हायलमधून ०.३ एमएल काढलं तर १२ युनिट, बरोबर. १०० च्या व्हायलमधून तेच ०.३ एमएल काढलं तर ३० युनिट. दर वेळी अडीचपट. आकडा कुठलाही घ्या, अडीचपटच.

उलटी चूक याहून फसवी आहे, कारण ती कोणाला दिसत नाही. व्हायल ४० ची आणि सिरिंज केशरी. १२ ची रेघ म्हणजे ०.१२ एमएल, म्हणजे पेशंटला ५ युनिटसुद्धा मिळत नाहीत. घाम नाही, बडबड नाही, फक्त शुगर खाली येत नाही. डॉक्टर दुसऱ्या दिवशी डोस वाढवतात, तिसऱ्या दिवशी आणखी वाढवतात. चौथ्या दिवशी कोणीतरी बरोबर सिरिंज वापरते आणि तो वाढवलेला डोस पहिल्यांदाच पूर्ण आत जातो. त्या वेळी ड्यूटीवर असलेल्या मुलीला कळतसुद्धा नाही की तिने काय चुकवलं. तिने काहीच चुकवलेलं नसतं.

इन्सुलिन पेनची कार्ट्रिज आपल्याकडे साधारण १०० ची असते. पेन बिघडलं म्हणून त्यातून लाल सिरिंजने इन्सुलिन ओढून घेणारे लोक मी बघितलेत. करू नका. बरोबर सिरिंज वॉर्डात नसेल तर साध्या २ एमएलच्या सिरिंजने किंवा मनातल्या मनात हिशेब करून भरू नका. फार्मसीला फोन करा, वॉर्डबॉय मामांना पाठवा, दहा मिनिटं उशीर होऊ दे. उशिराचं कारण लिहिता येतं.

आणि ते "बारा आहे ना?" हा प्रश्नच चुकीचा होता. आम्ही दोघी रेघ बघत होतो, व्हायलवरचा आकडा कोणीच बघितला नाही. उत्तर आधीच हातात देऊन विचारलं की समोरची मान हलवते, त्यात तिचा दोष नाही. आता मी कॅप न काढता सिरिंज आणि व्हायल एकाच हातात धरते आणि दोन्हीवरचे आकडे मोठ्याने वाचते, "शंभर, शंभर" किंवा "चाळीस, चाळीस". मग भरते. आणि सोबतच्या स्टाफकडे चार्ट, व्हायल, सिरिंज तिन्ही देऊन विचारते, "किती भरलंय, सांग." आकडा तिच्या तोंडून आला पाहिजे.

हीच गोष्ट इतर औषधांनाही आहे. हेपरिनची ५ एमएलची व्हायल एमएलला १००० युनिटची पण येते आणि ५००० ची पण. पोटॅशियम क्लोराइडचा १० एमएलचा अँप्यूल दिसायला डिस्टिल्ड वॉटरसारखा, त्यात २० एमईक्यू (मिलिइक्विव्हॅलंट, क्षारांचं माप) पोटॅशियम. तो थेट शिरेत पुश केला तर हृदय थांबतं. नेहमी सलाइनमध्ये मिसळून, सावकाश, आणि तो अँप्यूल इतर अँप्यूलांच्या डब्यात ठेवायचाच नाही. यावर मी कोणाशी वाद घालत नाही. चार्टवर १० च्या पुढे इंग्रजी 'यू' घाईत लिहिला असेल तर तो शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात. 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहिलेला नसेल तर डॉक्टरांना विचारा, रात्री दोन वाजले असले तरी.

पॅरासिटामॉल मात्र सगळे हलक्यात घेतात. तापासाठी १ ग्रॅमची ड्रिप चालू, वर दुखण्याच्या गोळीत पॅरासिटामॉल, शिवाय नातेवाइकांनी घरून आणलेली सर्दीची गोळी. मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर जाता कामा नये, वजन कमी असेल किंवा लिव्हर बिघडलेलं असेल तर त्याहून कमीच. उशाखालची पिशवी एकदा बघत जा. फेनिटॉइन नॉर्मल सलाइनमध्येच, डेक्स्ट्रोजमध्ये नाही, साका बसतो. सेफ्ट्रायॅक्सोन रिंगर लॅक्टेटसोबत नाही, त्यात कॅल्शियम असतं. डिगॉक्सिनआधी छातीवर स्टेथो ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे, ६० च्या खाली असतील तर थांबून विचारायचं. ही यादी तुमच्या पुस्तकात आहेच.

पुस्तकावरून आठवलं. अप्पा बळवंत चौकातून जुनं का होईना, एक पूर्ण पुस्तक घ्या. कॉट बेसिसवर राहताना, मेसचे पैसे देऊन हातात किती उरतात ते मला माहीत आहे, तरी घ्या. मोबाइलवर फिरणाऱ्या 'एका रात्रीत फार्मा'वाल्या पीडीएफने पेपर निघतो, पण त्यात औषध कुठल्या रूपात, किती तीव्रतेचं येतं हे कधीच नसतं. मी त्याच वाचून पास झाले होते. इन्सुलिनचे प्रकार, कधी सुरू होतं, किती तास टिकतं, सगळं पाठ होतं. व्हायल दोन ताकदींच्या असतात हे त्यात एका ओळीतही नव्हतं. आता मी नव्या मुलींना सांगते, पोस्टिंगला गेलात की फ्रिज उघडा, औषधांची ट्रॉली उघडा, आणि प्रत्येक लेबलवरचं 'एका एमएलमध्ये किती' एवढंच वहीत उतरवून घ्या. आठवडाभरात जे येईल ते वर्षभराच्या नोट्समधून येत नाही.

सीनिअरबद्दलही सांगते. "इतकं काय विचारतेस, भर गं पटकन" असं म्हणणारी कितीही अनुभवी असो, तिच्याकडून हाताचं काम शिका, औषधं शिकू नका. त्या रात्री माझ्या इनचार्ज सिस्टरना घरी फोन केला, तर त्या अर्ध्या तासात स्कूटरवरून आल्या. मी रडत होते. म्हणाल्या, "आधी आजींची शुगर लिही. रडायचं नंतर." मग रात्रभर दर तासाला शुगर. साडेबाराला पुन्हा ६४ झाली, कारण डेक्स्ट्रोज संपतं आणि इन्सुलिन अजून आत असतं. एकदा शुगर वर आली म्हणून निर्धास्त होऊ नका. पहाटे चारनंतर ती स्थिर झाली. त्यांनी माझ्याकडूनच इन्सिडेंट रिपोर्ट लिहून घेतला, एकही शब्द मऊ करू दिला नाही. सकाळी डॉक्टरांनी आजींच्या मुलाला खरं सांगितलं, मी शेजारी उभी होते. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आता बरी आहे ना?"

चूक लपवली असती तर साडेबाराची शुगर कोणी बघितलीच नसती. यापेक्षा जास्त मला लपवण्याबद्दल सांगता येत नाही.

पण घाबरून नोकरी सोडू नका. मी त्या आठवड्यात स्वारगेटला जाऊन बार्शीची गाडी कितीला आहे ते विचारून आले होते. हात थरथरायचा, साधं पॅन्टोप्राझोल देताना तीनदा चार्ट बघायचे. साधारण तीन महिन्यांत ते थांबतं आणि तीनदा बघायची सवय मात्र राहते. शुगर उतरल्याची लक्षणं ओळखायला पण तेवढाच वेळ लागतो. बीटा ब्लॉकर (बीपीची, हृदयाची गोळी) चालू असलेल्या पेशंटला धडधड, थरथर जाणवत नाही, घाम मात्र येतोच, म्हणून अंगाला हात लावून बघा. पेशंट शुद्धीत असेल, गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा शुगर. आणि जेवणाबरोबरचं झटपट इन्सुलिन असेल तर ताट समोर आल्याशिवाय सुई टोचू नका. आजींनी त्या रात्री अर्धीच भाकरी खाल्ली होती, हे मला नंतर कळलं.

पाचव्या दिवशी त्यांना डिस्चार्ज मिळाला. घरी इन्सुलिन मुलगाच देणार होता, म्हणून मी रिकामी व्हायल आणि दोन्ही सिरिंज घेऊन बेडपाशी बसले. त्याला व्हायलवरचा १०० चा आकडा दाखवला, मेडिकलमध्ये नुसतं 'इन्सुलिनची सिरिंज द्या' म्हणायचं नाही, व्हायलचं खोकं सोबत न्यायचं, हे दोनदा सांगितलं. त्याच्याकडून पाण्याने १२ युनिट भरून घेतलं. आजी सगळं बघत होत्या. मी लाल कॅपची सिरिंज उचलून त्याला विचारलं, "ही चालेल?" तो उत्तर देणार इतक्यात आजीच म्हणाल्या, "न्हाय. केसरी टोपनाची."