बेळगावात खोली घेतलीत, आता तिथला कॉम्प्युटर बाहेरून कसा वापराल

चंदगड, आजरा, गडहिंग्लजकडून कामाला आलेल्यांचा दिवस उद्यमबागेत नाहीतर मच्छेत जातो आणि शनिवारी गावची गाडी पकडायची असते. ड्रॉइंग, टॅलीचा डेटा मात्र खोलीवरच्या कॉम्प्युटरमध्ये अडकतो. तो बाहेरून उघडता येतो, पण सुरुवात राऊटरपासून करा.

राऊटरच्या पानावर (बहुधा १९२.१६८.१.१) वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला किंवा १० ने सुरू होणारा असेल, तर नेटवाल्याने एकाच बाहेरच्या पत्त्यामागे अनेक घरं बसवली आहेत. मग पोर्ट फॉरवर्डिंगवर (बाहेरून आलेली जोडणी राऊटरमधून आतल्या कॉम्प्युटरकडे वळवण्यावर) कितीही वेळ घालवा, उपयोग नाही. बाहेरून येणारी जोडणी तुमच्या राऊटरपर्यंत पोचतच नाही. स्टॅटिक आयपी (न बदलणारा, स्वतःचा बाहेरचा पत्ता) हवाच असेल आणि फोनवर कन्नड बोलणारा भेटला, तर एवढं पुरतं: "स्टॅटिक आयपी कोडतीरा? तिंगळिगे एष्टु?" पण घरच्या कामाला त्याची गरज पडत नाही. आणि तो मिळाला तरी रिमोट डेस्कटॉपचं (बाहेरून कॉम्प्युटर उघडायची विंडोजची सोय) ३३८९ पोर्ट इंटरनेटवर उघडं टाकू नका. पासवर्ड फोडणारे प्रोग्राम हेच पोर्ट दिवसरात्र शोधत असतात.

त्यापेक्षा टेलस्केल घ्या, तुमच्याच मशीनना इंटरनेटवरून खासगीत जोडणारा प्रोग्राम. खोलीवरचा कॉम्प्युटर आणि सोबतचा लॅपटॉप, दोन्हींवर टाकून एकाच खात्याने लॉगिन करा. खोलीवरच्या मशीनवर 'रन अनअटेंडेड' चालू ठेवा, नाहीतर रीस्टार्टनंतर कुणी लॉगिन करेपर्यंत ते जोडलं जात नाही. त्या मशीनची 'की एक्स्पायरी'ही बंद करा. ती मूळची १८० दिवसांची असते आणि संपली की संपर्क तुटतो. टेलस्केलचा पत्ताही १०० नेच सुरू होतो, तो वॅनचा समजू नका.

विंडोज प्रो असेल तर सेटिंग्जमधून रिमोट डेस्कटॉप चालू करा आणि लॅपटॉपवरून त्या मशीनच्या टेलस्केल पत्त्यावर जोडा. होम आवृत्तीत बाहेरून आत घेण्याची सोय नाही. तिथे रस्टडेस्क (तसंच काम करणारा वेगळा प्रोग्राम) टाकून कायमचा पासवर्ड ठेवा. रिमोट डेस्कटॉपला चार आकडी पिन चालत नाही, खात्याचा पासवर्ड लागतो. आजवर पिननेच उघडत आला असाल तर खोलीवर एकदा पासवर्डने लॉगिन करा, मग बाहेरून तो स्वीकारला जातो.

खरी अडचण करंटची. वळवाच्या पावसात तो दिवसातून चारदा जातो-येतो, आणि परत आला तरी कॉम्प्युटर बंदच राहतो. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' शोधून 'पॉवर ऑन' करा. लॅपटॉपला सहसा ही सोय नसते, पण बॅटरी असते. झाकण मिटल्यावर 'डू नथिंग' ठेवा. स्लीप दोन्हीकडे 'नेव्हर'. राऊटरला छोटा यूपीएस जोडा, मात्र आधी अडॅप्टरच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचा: आउटपुट १२ व्होल्ट, १ किंवा १.५ किंवा २ अँपिअर. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त. फायबरच्या पेटीला वेगळा अडॅप्टर असेल तर तीही यूपीएसवर घ्या, नाहीतर राऊटर चालू आणि नेट बंद अशी गत होते.

गावी जायच्या आदल्या दिवशी चाचणी घ्या. काम सेव्ह करून कॉम्प्युटर शटडाउन करा, मग खोलीचा मेन स्विच दोन मिनिटं बंद ठेवून पुन्हा लावा. लॅपटॉपचं वायफाय खोलीच्या नेटवरून काढून मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा आणि लॉगिन करून बघा. राऊटर आणि विंडोज पूर्ण उठायला पाचेक मिनिटं द्या.