जुन्या गोव्याला निघण्याआधी भरती बघा

टोपी, पाणी, सुटे पैसे घ्या. चर्चमध्ये जायचंय, तेव्हा खांदे-गुडघे झाकतील असे कपडे हवेत. हे तुम्हाला ठाऊकच असेल. भरतीची वेळ मात्र कुणी बघत नाही. मीही बघितली नव्हती.

पणजीहून जुनं गोवं दहा किलोमीटरच्या आत आहे. त्यामुळे बेत असा होता की दिवसभर चर्चेस बघायची आणि उन्हं उतरली की रायबंदरच्या फेरीबोटीने चोडण बेटावर, सलीम अली पक्षी अभयारण्यात होडीतून फिरायचं. कागदावर झकास. दिवस पौर्णिमेचा. संध्याकाळी पाचला खाडीत शिरलो आणि दहा मिनिटांत होडी चिखलात रुतली. होडीवाल्याने बांबू रोवून बघितला. बांबू हातभर आत गेला, होडी जागची हलली नाही. "उदक ना," म्हणजे पाणी नाही, एवढंच बोलून तो शांत बसला. तिवरांची श्वसनमुळं खिळ्यांसारखी वर आलेली, त्यांच्यामधून निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारत होत्या. निवट्या पोटभर बघितल्या. खंड्या एकच दिसला, तोही पाठमोरा.

म्हणून आधी भरती, मग गाडी, मग हॉटेल. कोकणातला जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे संध्याकाळी सव्वापाच. घरात भिंतीवर कालनिर्णय होतं हो! सकाळचे पक्षी हवे असतील तर दशमी-एकादशी धरा. हा झाला ढोबळ अंदाज. नक्की वेळ मुरगाव बंदराच्या भरतीच्या तक्त्यात बघा, नदीत आत पाणी थोडं उशिरा चढतं. आणि होडी ठरवताना होडीवाल्यालाच विचारा, "पाणी कधी असेल?" "किती घेणार?" हे त्यानंतर.

महिना हिवाळ्याचा निवडा, स्थलांतरित पक्षी तेव्हाच येतात. पण ३ डिसेंबरला सेंट झेवियरचं फेस्त, म्हणजे सण असतो, त्याआधी नऊ दिवस नोव्हेनाच्या प्रार्थना. शांतता हवी असेल तर ते दिवस टाळा. रविवारी सकाळी प्रार्थना चालू असते, कॅमेरा घेऊन मधे घुसू नका.

बाँ जेझू चर्च (१६०५) आणि से कॅथेड्रल सगळेच बघतात. वेळ राखून ठेवा तो सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मनोऱ्यासाठी. जांभ्याचा उभा सुळका, वर आभाळ. रोगांच्या साथींनी हे शहर ओस पाडलं आणि १८४३ मध्ये राजधानीचा मान रीतसर पणजीकडे गेला, हे पुस्तकात वाचून कळत नाही, तिथे उभं राहिलं की कळतं. तिथे सावली नाही, सकाळीच उरका.

व्हाइसरॉयच्या कमानीखालून खाली उतरलात की दिवाडीची फेरी. वेळ उरला तर जा. डासांचं मलम, दुर्बीण, चिखलात चालतील अशा चपला. परतीची शेवटची फेरी विचारून ठेवा. बाकी काय न्यायचं ते न्या, पण तिथी बघितलीत ना?