लेकराला समुपदेशकाकडे नेताना आपण बाहेर कसं बसायचं

माझी मुलगी बारावीनंतर नीट या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेसाठी एक वर्ष ड्रॉप घेऊन घरी होती, तेव्हा 17 वर्षांची होती. जूनमध्ये क्लास जोरात सुरू झाले. दसऱ्यापर्यंत तिने केस विंचरणं सोडलं होतं. डबा तसाच परत यायचा, रात्री तीनपर्यंत खोलीतला दिवा चालू असायचा आणि सकाळी एकच वाक्य, "आई, पोट दुखून राहिलं." मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, हजारो मुलं डोळ्यांखालून गेली आहेत. तरी घरातलं पोर काय सांगून राहिलं आहे, हे मला कळायला तीन महिने लागले.

ज्यांच्या घरी सध्या असं चाललं आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. दहावीनंतरचं कॉलेज, ड्रॉपचं वर्ष, गावाहून नागपूरला हॉस्टेलमध्ये येणं, पहिली नोकरी, ती सुटणं: बाहेरून हे साधे बदल दिसतात. आतून एका वेळी बरंच काही सुटत असतं. मैत्रिणी पुढे निघून जातात, रोजचा दिनक्रम मोडतो, आणि "हुशार पोरगी" ही ओळखही.

सगळ्यात आधी घरच्या डॉक्टरांना दाखवा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12 तपासून घ्या. या गोष्टी कमी-जास्त असल्या की थकवा आणि उदासी अगदी तशीच दिसते. आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि म्हणाले, "पोट ठीक आहे. पोरीशी कोणीतरी बोलायला पाहिजे."

आता हे तिला सांगायचं कसं? जेवणाच्या ताटावर नाही, आजीसमोर नाही, निकालाच्या दिवशी तर मुळीच नाही. मी तिला स्कूटीवर मागे बसवून अंबाझरी तलावावर नेलं. समोरासमोर बसलं की मुलं मिटून जातात, शेजारी चालताना बोलतात. "तुला काय झालंय?" या प्रश्नाला उत्तर नसतं. म्हणून जे दिसत होतं तेवढंच बोलले: "महिना झाला तू तीनपर्यंत जागी असतेस. डबा परत येतो. मला काळजी वाटते आणि यातलं मला फारसं समजत नाही. ज्यांना समजतं त्यांच्याकडे जाऊ. तीन वेळा जाऊन बघ, मग पुढे जायचं की नाही ते तू ठरव." ती म्हणाली, "मी पागल आहे काय?" छिंदवाडा रोडवरच्या मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला आपल्याकडे नागपुरात अजून पागलखाना चौक म्हणतात. लहानपणापासून तो शब्द कानावर पडलेल्या पोरीच्या मनात दुसरं काय येणार? मी म्हटलं, "नाही. तू थकली आहेस, आणि एकटी पडली आहेस." तिथे ती रडली. मी काही बोलले नाही.

मग आमच्या हातून चूक झाली. ओळखीतून जो पहिला नंबर मिळाला, तिथे गेलो. त्या समुपदेशकांनी तिला अर्धा तास बोलतं केलं, मग मला आत बोलावलं आणि तिच्यासमोरच तिने सांगितलेलं सगळं मला ऐकवलं, एका मुलाच्या नावासकट. घरी येताना ती मागच्या सीटवरून एवढंच म्हणाली, "आता मी कोणालाच काही सांगणार नाही." पुढचे दोन महिने तिने खरंच काही सांगितलं नाही.

म्हणून अपॉइंटमेंट घेण्याआधी फोनवर विचारा, लाजू नका. पहिला प्रश्न शिक्षणाचा. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, एमबीबीएसनंतर त्या विषयाचं शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात आणि औषध लिहू शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत, बोलून उपचार करतात, आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, तिचा नंबर मागता येतो. मानसशास्त्रात एम.ए. करून नीट प्रशिक्षण घेतलेले समुपदेशकही चांगलं काम करतात. त्यांना प्रशिक्षण कुठे घेतलं आणि या वयाच्या मुलांसोबत किती काम केलं, ते विचारा. दुसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: "मुलगी तुम्हाला जे सांगेल त्यातलं तुम्ही मला काय सांगाल?" चांगल्या माणसाचं उत्तर साधारण असं असतं: जिवाला धोका असेल, तिच्यावर किंवा दुसऱ्या कोणावर अत्याचार होत असेल, तर सांगावंच लागेल. बाकी तिचं तिच्याकडे. आणि हे ते मुलीसमोर, पहिल्याच दिवशी सांगतात. 18 च्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर 2012 च्या पोक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, हेही सांगतात.

दुसऱ्या मॅडम धरमपेठेत मिळाल्या. दर वेळी हजार रुपये, आठवड्यातून एकदा पन्नास मिनिटं. हे प्रत्येकाला परवडत नाही, मला माहीत आहे. आपल्या नागपुरात मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांमध्ये मानसोपचार विभाग आहे, मिहानमध्ये एम्स आहे. तिथे केसपेपर काढून दाखवता येतं. रांग असते, सकाळी लवकर जा. आणि टेलिमानस ही सरकारची फोनसेवा 14416 या नंबरवर दिवसरात्र फुकट आहे, मराठीत बोलता येतं. सुरुवात तिथूनही करता येईल.

पहिली दोन-तीन सेशन्स फक्त ओळखीची असतात. झोप, भूक, घर, मित्र, शाळा असं सगळं विचारतात. एखादी प्रश्नावली भरून घेतात. नऊ प्रश्नांची एक असते, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण 27 पर्यंत. तो परीक्षेचा निकाल नव्हे, "किती आले?" असं विचारू नका. पुढच्या महिन्यात तीच पुन्हा भरून किती फरक पडला हे पाहण्यासाठी ती असते.

आत नेमकं काय चालतं, हे मला बाहेरच्या खुर्चीवर बसून कळत नव्हतं. बरंच नंतर मुलीने स्वतःहून वहीचं एक पान दाखवलं, आणि तिला विचारूनच मी ते इथे सांगते आहे. पानावर चार रकाने होते. काय झालं: टेस्टमध्ये 412. मनात काय आलं: बाबांचे पैसे वाया घालवले. अंगात काय झालं: छातीत धडधड, हात गार. मग काय केलं: पुस्तक बंद, मोबाइल चालू, तीन वाजले. त्याखाली मॅडमनी एक प्रश्न लिहायला लावला होता: बाबा असं कधी म्हणाले? तिने लिहिलं होतं, "नाही. ते फक्त विचारतात जेवली काय." त्या रकान्यांपुढे मी बराच वेळ बसले होते. विचार, शरीर आणि वागणं यांची ही साखळी मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसली की ती कुठेतरी तोडता येते. या पद्धतीला सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणतात.

तिने क्लासला जाणं पार सोडलं होतं. मॅडमनी पायऱ्या पाडल्या: पहिल्या दिवशी नुसतं गेटपर्यंत जाऊन परत, मग शेवटच्या बाकावर एक तास, मग अर्धा दिवस. यात पालक घोळ घालतात. पोर एक तास बसून आलं की आपण म्हणतो, "झालं ना आता, उद्यापासून पूर्ण दिवस जा." नका म्हणू. पायरी तिची, पुढची कधी चढायची तेही ती आणि मॅडम ठरवतील.

सेशन संपवून ती बाहेर आली की माझ्या जिभेवर एकच प्रश्न असायचा, काय बोलली. तो गिळायला शिकले. त्याऐवजी "भूक लागली काय?" एवढंच. पाचव्या की सहाव्या वेळी तीच म्हणाली, "आई, तर्री पोहे खायचे काय?" ठेल्यावर उभ्या उभ्या तिने दोन प्लेटा खाल्ल्या आणि तर्री जास्त मागून घेतली. ऑक्टोबरपासून तिला असं खाताना मी पाहिलं नव्हतं.

नातेवाइकांना काय सांगायचं हेही तिलाच विचारा. मी न विचारता माझ्या बहिणीला सांगितलं, आठवडाभरात ते सगळीकडे झालं, आणि मला मुलीची माफी मागावी लागली. आईने माफी मागितलेली मुलं विसरत नाहीत.

औषधाबद्दल. काहींना गोळ्या लागतात, काहींना नाही. आमच्याकडे सायकियाट्रिस्टनी सुरू केल्या. परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, तेवढा धीर धरा. पहिल्या काही आठवड्यांत पंचविशीच्या आतल्या मुलांवर जास्त लक्ष ठेवायचं: बेचैनी वाढली, झोप उडाली, मरणाचे विचार बोलू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. आणि बरं वाटलं म्हणून मनाने गोळ्या बंद करायच्या नाहीत, त्या डॉक्टर हळूहळू कमी करतात.

मरणाचं बोलणं आलंच आहे तर स्पष्ट लिहिते. शंका आली तर सरळ विचारा: "तुला जगू नये असं वाटतं काय?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट पोराला एकटं वाटणं कमी होतं. उत्तर हो आलं तर भाषण देऊ नका, त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा रुग्णालयात न्या. आणि घर आवरा. आपल्या विदर्भात शेती असलेल्या घरांत फवारणीचं औषध कोठीत पडलेलं असतं, उंदराचं औषध ओट्याखाली असतं, आजोबांच्या गोळ्या उघड्या कपाटात. ते सगळं घराबाहेर हलवा किंवा कुलपात ठेवा. तो तीव्र क्षण बऱ्याचदा थोड्या वेळाचा असतो, आणि त्या वेळी हाताशी काही नसणं जीव वाचवतं.

मुलगा किंवा मुलगी 18 च्या पुढची असेल तर रीत वेगळी. माझा भाचा 22 वर्षांचा, पुण्यातली पहिली नोकरी सुटल्यावर आमच्याकडे राहायला आला. त्याला धरून नेता येत नव्हतं आणि नेऊही नये. मी तीन नंबर कागदावर लिहून दिले आणि म्हटलं, "फोन तू कर. पैसे मी देईन, हिशेब विचारणार नाही." कागद बारा दिवस फ्रिजवर तसाच होता. तेराव्या दिवशी तो तिथून गायब दिसला, मी काही विचारलं नाही. त्याची सेशन्स ऑनलाइन होती. दोन खोल्यांच्या घरात खासगीपणा आणायचा कुठून? मे महिना, कूलरशिवाय बसवत नाही. तर त्याच कूलरच्या घरघरीने काम केलं. दार लावून तो आत, बाहेर आम्हाला एक शब्द ऐकू येत नव्हता, आणि त्याच्या समुपदेशक मॅडमना नीट ऐकू जावं म्हणून त्याने माइकवाले इअरफोन घेतले. त्या तासाला मी दुधाची पिशवी आणायला खाली जायची, घरात दूध असलं तरी.

पटलं नाही तर समुपदेशक बदलता येतो. तीन-चार वेळा जाऊनही मुलाला तिथे मोकळं वाटत नसेल तर "तू प्रयत्नच करत नाहीस" असं म्हणू नका, दुसरीकडे जा. मात्र "आज नको जाऊ दे" हे एखाद्या अवघड सेशननंतरच्या आठवड्यात प्रत्येकाला वाटतं. त्या दिवशी जायचंच, आणि जे नको वाटतं आहे तेच आत जाऊन सांगायचं.

सेशन्सचा शेवट असाच अचानक होत नाही. आठवड्याचं पंधरा दिवसांवर आलं, मग महिन्यावर. मुलीला पुढे फिजिओथेरपीला दुसऱ्या शहरात प्रवेश मिळाला. तुमच्याकडेही असा बदल समोर दिसत असेल तर निघण्याच्या आधीच एक सेशन ठरवून ठेवा आणि पोचल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक, फोनवर का होईना. हॉस्टेलचा पहिला महिना जड जातो. तिने दोन्ही तारखा स्वतः घेतल्या. निघायच्या दिवशी मी तिची बॅग भरत होते, संत्रा बर्फीचा डबा कपड्यांत कोंबत होते, तेव्हा ती म्हणाली, "आई, तेवढी चार रकान्यांची वही वर ठेव, लगेच लागेल."